लिनक्सच्या लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

प्रति,
सांगली, मिरज आणि कुपवाड येथील लॅपटॉप विक्री व दुरुस्ती करणारे सर्व व्यावसायिक

विषय : लिनक्स असलेल्या लॅपटॉपच्या ग्राफिक्सच्या तक्रारी हाताळण्याबाबत

स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे, तब्येतीने ठणठणीत असलेले लॅपटॉप लिनक्स मिंट किंवा उबुंटू घालून वापरणारे लोक आता तुमच्या काउंटरवर येतात. दुसरीकडून वालचंद, साखराळ्याचे आरआयटी अशा इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुले एनव्हिडियाचे कार्ड असलेले नवे लॅपटॉप घेऊन येतात. दोघांची तक्रार बहुतेक एकच असते: अपडेट केले, रीस्टार्ट केले आणि स्क्रीन काळी. काउंटरवरचे उत्तरही ठरलेले: "यावर लिनक्स चालत नाही, विंडोज मारून देतो." थोडा सहानुभूती असलेला कारागीर असेल तर तो लिनक्सच पुन्हा टाकून देतो.

हे उत्तर बदलावे, एवढीच या पत्राची विनंती आहे. फॉरमॅट केल्यावर लॅपटॉप चालू होतो हे खरे. पण का होतो? नव्या इन्स्टॉलमध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि ड्रायव्हर एकाच दिवसाचे असतात, म्हणून त्यांचे जमते. काही आठवड्यांनी पुढचा कर्नल येतो, ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा त्याचा भाग) त्याच्यासाठी तयार होत नाही आणि तोच ग्राहक तीच काळी स्क्रीन घेऊन परत येतो. दोष होता तिथेच राहिला, मधल्या मध्ये त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट मात्र गेला. खाली दिलेला क्रम सवयीचा झाला की बहुतेक तक्रारी एका बैठकीत निकाली निघतात, आणि त्याचे पैसे फॉरमॅटइतकेच घ्यायला आमची काहीच हरकत नाही.

कमांड या पत्रात उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत कराव्यात. जिथे मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे.

सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी बायोस उघडा. बायोसच्या पडद्यावरच रेघा, डाग किंवा लुकलुक दिसत असेल तर लिनक्स निर्दोष आहे, कारण तोवर तो सुरूच झालेला नाही. मग एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर जोडा. बाहेर चित्र स्वच्छ आणि आत खराब असेल तर पॅनेल किंवा डिस्प्लेची केबल. बिजागरापाशी केबल झिजते, आणि पुराच्या किंवा पावसाळी ओलीत राहिलेल्या मशिनमध्ये कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. दोन्हीकडे सारख्याच रेघा असतील आणि त्या बायोसमध्येही असतील, तर प्रश्न चिपचा किंवा तिच्या मेमरीचा. पण बायोस स्वच्छ, कंपनीचा लोगो स्वच्छ आणि लिनक्स सुरू होतानाच काळोख, अशी स्थिती असेल तर तो मदरबोर्ड टेबलावर उघडू नका. ड्रायव्हरची तक्रार घेऊन आलेल्या बोर्डाचे रिबॉलिंग (चिप उतरवून नव्याने सोल्डर) करणे म्हणजे ग्राहकाचे पैसे आणि बोर्डाचे आयुष्य दोन्ही घालवणे.

आता आत शिरायचे कसे ते पाहू. यूईएफआय (नव्या पद्धतीचे बायोस) असलेल्या मशिनवर लोगो जाता जाता एस्केप एकदाच दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा. लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रबचा मेनू येतो. एस्केप चारदा बडवला की मेनूऐवजी ग्रबचा रिकामा प्रॉम्प्ट येतो, मग गपगुमान पुन्हा रीस्टार्ट. मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून आधीचा कर्नल निवडा. हीच पहिली आणि सर्वांत स्वस्त परीक्षा आहे. जुन्या कर्नलवर डेस्कटॉप नीट आला, तर चिप ठीक, ड्रायव्हरही ठीक, बहुधा फक्त नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बनलेले नाही. निदान तिथेच संपले.

जुना कर्नलही चालला नाही तर मेनूतल्या पहिल्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हरला स्क्रीनचा ताबा घेण्यापासून रोखले जाते आणि फर्मवेअरने (बायोसने) उभी केलेली साधी स्क्रीन तशीच वापरली जाते. हा बदल त्या एका बूटपुरता असतो. तो तसाच राहू द्यावा. 'नोमोडसेट' कायमचे ग्रबमध्ये लिहून "झाले काम" म्हणून लॅपटॉप परत दिलेला आढळतो. त्या लॅपटॉपवर ब्राइटनेस बदलत नाही, प्रोजेक्टर लागत नाही, झाकण मिटल्यावर नीट झोपत नाही आणि यूट्यूब लावले की पंखा बोंबलतो. ही दुरुस्ती नव्हे, ती आत शिरण्याची मागची खिडकी आहे.

आत गेल्यावर पहिली कमांड 'एलएसपीसीआय -एनएनके'. बरेच काही छापले जाईल. त्यात 'व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर' आणि 'थ्रीडी कंट्रोलर' या नोंदी शोधा. प्रत्येक नोंदीखाली दोन ओळी असतात. 'कर्नल मॉड्यूल्स' या ओळीत उमेदवारांची यादी असते आणि 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या ओळीत निवडून आलेला. या दोन ओळींतला फरक न वाचल्यामुळे फार वेळ वाया जातो. यादीत एनव्हिडिया आहे म्हणजे एनव्हिडिया चालू आहे असे नाही. 'इन यूज' ओळच नसेल तर त्या चिपला कोणीही वाली नाही.

निवडून आलेला कोण असायला हवा? इंटेलला आय९१५, अगदी नव्या पिढ्यांना एक्सई. एएमडीला एएमडीजीपीयू, फार जुन्या रेडिऑनला रेडिऑन. एनव्हिडियाला एकतर कंपनीचा एनव्हिडिया, नाहीतर मुक्त ड्रायव्हर नुव्हो. त्यानंतर 'जीएलएक्सइन्फो -बी' चालवा. 'बी' मोठ्या अक्षरात, आणि मेसा-युटिल्स हे पॅकेज आधी टाकावे लागते. त्यात रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' आले तर चित्र प्रोसेसर काढतो आहे, ग्राफिक्स चिप नाही. "लिनक्स टाकल्यापासून लॅपटॉप स्लो झाला" ही तक्रार पुष्कळदा या एका शब्दात सापडते. मात्र ही तपासणी 'नोमोडसेट'ने बूट केलेले असताना करू नका. तेव्हा एलएलव्हीएमपाइपच दिसणार.

तिसरी कमांड 'जर्नलसीटीएल -के -बी -१'. म्हणजे मागच्या, बिघडलेल्या बूटमध्ये कर्नल काय म्हणाला ते; या नोंदीला पुढे जर्नल म्हटले आहे. पॉवरचे बटण दाबून बंद केलेल्या मशिनचा जबाबही यात मिळतो. इथे काय दिसले तर काय समजायचे हे पुढे येईल.

बहुतेक त्रास एनव्हिडियाचा, म्हणून तिथे थोडे थांबू. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमध्ये भर सभेत या कंपनीला मधले बोट दाखवले होते, ते उगाच नव्हते. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला आणि परिस्थिती सुधारली, पण त्यामुळे एकाच ड्रायव्हरचे दोन प्रकार झाले आणि नवीन घोळ सुरू झाला. म्हणून आधी कार्डाची पिढी ओळखा.

८२०एम हे फर्मी पिढीचे कार्ड आपल्याकडच्या २०१४-१५ च्या लॅपटॉपांत पुष्कळ आहे. त्याला ३९० मालिका लागते. तिचा आधार २०२२ अखेर संपला आणि नव्या कर्नलवर ती जशीच्या तशी बांधलीही जात नाही. ९२०एम केपलर आहे, त्याला ४७० मालिका. तिचाही आधार २०२४ मध्ये संपला. नावात फक्त एक 'एक्स' वाढलेले ९२०एमएक्स मात्र मॅक्सवेल आहे, हा फरक स्टिकरवर न पाहता एलएसपीसीआयमध्ये पाहावा. ९४०एम, ९४०एमएक्स, एमएक्स११०, एमएक्स१३० ही मॅक्सवेल. एमएक्स१५०, एमएक्स२५०, एमएक्स३५० आणि जीटीएक्स १०५० ही पास्कल. मॅक्सवेल आणि पास्कल यांना ५८० ही शेवटची शाखा. त्यापुढच्या आकड्याचा ड्रायव्हर टाकलात तर तो या कार्डांना ओळखणारच नाही. एमएक्स४५०, जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स २० मालिका ही ट्युरिंग. तिथून पुढे आरटीएक्स ३०, ४०, ५०.

ट्युरिंगपासून पुढच्या कार्डांवर 'ओपन' प्रकारचे मॉड्यूल चालते. मॅक्सवेल आणि पास्कलवर ते चालत नाही, कारण त्या प्रकाराला लागणारा जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर त्या चिपांत नाही. उलट आरटीएक्स ५० मालिकेला फक्त 'ओपन'च चालते. ड्रायव्हर मॅनेजरच्या यादीत दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात, आणि 'ओपन म्हणजे चांगले' किंवा 'ओपन म्हणजे कच्चे' अशा अंदाजाने क्लिक केले जाते. चुकीचा प्रकार पडला असेल तर जर्नलमध्ये 'एनव्हीआरएम'ने सुरू होणारी ओळ स्पष्ट सांगते की हे कार्ड ओपन मॉड्यूलवर चालत नाही किंवा त्याला ओपनच हवे. ती ओळ वाचा, प्रकार बदला, विषय संपला.

मग ८२०एम आणि ९२०एम यांचे काय? आमचे मत सरळ आहे: कंपनीच्या ड्रायव्हरच्या नादी लागू नका. या लॅपटॉपांत बहुधा इंटेलची चिप असतेच आणि ब्राउझर, ऑफिस, टॅलीचे रिमोट, पिक्चर या सगळ्याला ती पुरते. एनव्हिडियाची चिप नुव्होच्या ताब्यात राहू द्या. काम नसेल तेव्हा नुव्हो तिला झोपवतो. इथे एक उलटी गंमत आहे. "एनव्हिडिया नकोच" म्हणून नुव्होला ब्लॅकलिस्ट केले आणि दुसरा ड्रायव्हरही टाकला नाही, तर चिपला झोपवायला कोणी उरत नाही. ती जागीच राहते, बॅटरी खाते आणि लॅपटॉपचा तळ तापवते.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा? वितरणाच्या (उबुंटू, मिंट यांच्या) स्वतःच्या भांडारातून, एनव्हिडियाच्या वेबसाइटवरून नाही. विंडोजची सवय असल्यामुळे हात आपोआप वेबसाइटकडे जातो. तिथली '.रन' फाइल सिस्टिमच्या फाइलींवर आपल्या फाइली बसवते आणि पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ता नसतो. पुढच्या अपडेटला दोघांची मारामारी होते. अशी फाइल कोणी चालवलेली असेल तर आधी 'सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल' करा. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आहे. उबुंटूत 'उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस' ही कमांड कार्ड ओळखून शिफारस दाखवते आणि 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' ती बसवते. फेडोरात आरपीएम फ्यूजन भांडार जोडून 'एकेमॉड-एनव्हिडिया' टाकावे, आणि टाकल्यावर लगेच रीस्टार्ट करू नये. मॉड्यूल मागे बांधले जात असते, त्याला काही मिनिटे लागतात. 'मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया' ('एफ' मोठे) या कमांडला आकडा मिळाला की मगच रीस्टार्ट. हार्ड डिस्कवाल्या जुन्या मशिनवर तर चहा पिऊन यावे.

आता त्या 'अपडेटनंतर काळी स्क्रीन'च्या मुळाशी येऊ. एनव्हिडियाचे मॉड्यूल प्रत्येक कर्नलसाठी वेगळे बांधावे लागते. पुष्कळ वितरणांत हे काम डीकेएमएस हा प्रोग्रॅम करतो आणि त्याला त्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. हेडर नसतील तर तो नुसताच पुढे जातो आणि ग्राहकाला कळते ते रीस्टार्टनंतर. 'डीकेएमएस स्टेटस' चालवा. चालू कर्नलच्या आकड्यापुढे 'इन्स्टॉल्ड' असे दिसायला हवे. दिसत नसेल तर हेडर टाका. पण एका विशिष्ट आकड्याचे हेडर टाकू नका, नाहीतर पुढच्या कर्नलला पुन्हा हेच. सर्वसाधारण पॅकेज टाका: उबुंटू आणि मिंटवर 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक', एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल असेल तर त्याच नावापुढे '-एचडब्ल्यूई-२४.०४', डेबियनवर 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४'. मग प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचे हेडर आपोआप येते. नंतर 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' आणि 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू'.

ही शेवटची कमांड जागा नाही म्हणून रडली, तर 'डीएफ -एच /बूट' पाहा. इन्स्टॉल करताना बूटचे वेगळे पार्टिशन लहान ठेवलेले असेल तर जुन्या कर्नलांनी ते भरते आणि नवा कर्नल अर्धवट बसतो. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' ने जुने निघतात. चालू असलेला आणि त्याआधीचा, असे दोन कर्नल मात्र ठेवा. काळी स्क्रीन आल्यावर मागे जायची वाट तीच आहे.

'एनव्हिडिया-एसएमआय' चालवल्यावर 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' आले तर घाबरायचे कारण नाही. अपडेट झाले आणि रीस्टार्ट झाला नाही, एवढाच अर्थ. रीस्टार्ट करा.

मॉड्यूल बांधलेले आहे, तरीही ते लोड होत नाही आणि 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' केल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असे उत्तर येते: हे सिक्युअर बूटचे काम. विंडोज ११ सह आलेल्या लॅपटॉपांत ते चालू असते आणि सही नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' ने ते चालू आहे का कळते. उबुंटूच्या भांडारात सही केलेली तयार मॉड्यूलही असतात, ती आली तर ही भानगड येत नाही. डीकेएमएसने बांधलेल्या मॉड्यूलसाठी मात्र त्या मशिनचीच एक किल्ली बनवली जाते आणि ती फर्मवेअरकडे नोंदवावी लागते.

नोंदणी अशी होते. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला जातो, ८ ते १६ अक्षरांचा. तो लॉगिनचा पासवर्ड नाही, एकदाच लागणारा आहे. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर 'प्रेस एनी की' असा संदेश सुमारे दहा सेकंद राहतो. कोणतेही बटण दाबून 'एनरोल मोक' (मोक म्हणजे हीच किल्ली), मग 'कंटिन्यू', मग 'येस', तोच पासवर्ड, आणि 'रीबूट'. टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही. बहुतेक वेळा घडते ते असे: तुम्ही ड्रायव्हर टाकता, लॅपटॉप बंद करून ग्राहकाला देता, तो घरी जाऊन चालू करतो, निळा पडदा पाहून घाबरतो किंवा 'कंटिन्यू बूट' दाबतो. किल्ली नोंदली जात नाही. दुसऱ्या दिवशी तो परत दारात. म्हणून पहिला रीस्टार्ट दुकानात, तुमच्या डोळ्यांसमोर झाला पाहिजे.

बोर्डाचे काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. ही किल्ली मदरबोर्डवरच्या स्मृतीत असते. बोर्ड बदलला की ती गेली, आणि डिस्क तीच, लिनक्स तेच असूनही ड्रायव्हर चालेनासा होतो. उबुंटूत 'सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /वार/लिब/शिम-साइन्ड/मोक/एमओके.डेर' (शेवटच्या फाइलीच्या नावातली 'एमओके' ही तीन अक्षरे मोठी) चालवून तोच निळा पडदा पुन्हा पार करायचा.

सिक्युअर बूट सरळ बंद करणे हाही मार्ग आहे, आणि घरगुती लॅपटॉपवर आम्ही त्याला पाप मानत नाही. पण त्याच डिस्कवर विंडोज असेल आणि बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल, तर बायोसमधले हे बटण फिरवताच विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे त्याच्याकडून आधी उघडून दाखवून घ्या. मगच बायोसला हात लावा.

दोन चिपांच्या लॅपटॉपची एक वेगळी तक्रार कॉलेजांत सेमिनारच्या दिवशी उगवते: प्रोजेक्टर लागत नाही. कारण तारेत आहे. पुष्कळ गेमिंग लॅपटॉपांत एचडीएमआयचे पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेले असते. बॅटरी वाचावी म्हणून कोणी 'प्राइम-सिलेक्ट इंटेल' केले की एनव्हिडिया बंद आणि तिच्याबरोबर ते पोर्टही बंद. ओळखायची खूण एलएसपीसीआयमध्येच आहे: एनव्हिडियाची नोंद 'थ्रीडी कंट्रोलर' असेल तर तिला स्क्रीनच्या तारा सहसा नसतात, 'व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर' असेल तर बाहेरचे पोर्ट तिच्याकडे असण्याची शक्यता मोठी. उपाय 'सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड' आणि रीस्टार्ट. त्यात रोजचे काम इंटेल किंवा एएमडीची चिप करते आणि ब्लेंडरसारखा भारी प्रोग्रॅम 'प्राइम-रन' पुढे लिहून एनव्हिडियावर चालवता येतो.

बॅटरीचा हिशेब पिढीवर अवलंबून आहे. ट्युरिंग आणि पुढची कार्डे ऑन-डिमांडमध्ये काम नसताना पूर्ण झोपू शकतात. '/सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस' मध्ये त्या चिपच्या फोल्डरात 'पॉवर/रनटाइम_स्टेटस' वाचले तर 'सस्पेंडेड' दिसावे. पास्कलमध्ये ती सोय नाही. म्हणून एमएक्स१५० किंवा १०५० वाल्याला बॅटरी महत्त्वाची असेल तर इंटेलवरच ठेवा, आणि प्रोजेक्टरची अडचण त्याला समजावून सांगा.

एक जुनी घाण कधीकधी सापडते: '/ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ' ('एक्स११' मधला एक्स मोठा). 'एनव्हिडिया-एक्सकॉन्फिग' चालवा असा जुना सल्ला वाचून कोणी ती बनवलेली असते. दोन चिपांच्या लॅपटॉपवर ती नको. पुसू नका, नाव बदलून ठेवा आणि रीस्टार्ट करून बघा.

एएमडीचे प्रकरण सोपे आहे. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगळा काही टाकायचा नसतो. वेबसाइटवरून पॅकेज आणून बसवणाऱ्यांनी स्वतःचे काम वाढवून घेतलेले असते. बिघडते ते दोन कारणांनी. एक, फर्मवेअर (चिपमध्ये भरायच्या फाइली) नाही: जर्नलमध्ये 'एएमडीजीपीयू' नावाच्या फाइलीपुढे 'फेल्ड विथ एरर -२' दिसते, म्हणजे फाइल सापडली नाही. उबुंटूत 'लिनक्स-फर्मवेअर' अद्ययावत करा, डेबियनवर 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' टाका. डेबियन १२ पासून हे 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात आहे, तो सोर्सेसच्या यादीत असायला हवा. दोन, लॅपटॉप नवा आणि कर्नल जुना. उबुंटू २४.०४ मुळात ६.८ कर्नलसह आले. त्यानंतर बाजारात आलेली चिप त्याला माहीत नसते. 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४' हे पॅकेज नवा कर्नल आणते.

इंटेलचा त्रास मुख्यतः लुकलुकण्याचा. स्थिर पान वाचताना स्क्रीन हलते आणि माउस हलवला की थांबते, असे असेल तर पॅनेल सेल्फ रिफ्रेश या वीज वाचवणाऱ्या सोयीवर संशय घ्या. ग्रबच्या त्याच लिनक्स ओळीत 'आय९१५.एनेबल_पीएसआर=०' एका बूटपुरते घालून पाहा. एएमडीवर तेच काम 'एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०' करते. गुण आला तरच '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मध्ये कायमचे लिहून 'सुडो अपडेट-ग्रब'. गुण नाही आला तर केबल पुन्हा पाहा. ब्राइटनेसच्या बटणांचे काहीच होत नसेल तर 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' अशाच एका बूटवर तपासावे.

झाकण उघडल्यावर काळी स्क्रीन आणि कार्ड एनव्हिडियाचे, तर 'एनव्हिडिया-सस्पेंड', 'एनव्हिडिया-रिझ्यूम' आणि 'एनव्हिडिया-हायबरनेट' या तिन्ही सेवा चालू आहेत का पाहा, नसतील तर 'सुडो सिस्टमसीटीएल एनेबल' ने चालू करा. त्या नसतील तर झोपताना कार्डाच्या मेमरीतला मजकूर जपला जात नाही.

आणि जर्नलमध्ये 'एक्सआयडी ७९' दिसले, म्हणजे कार्ड बसवरून (बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गावरून) गळून पडले असे ड्रायव्हर म्हणतो आहे, तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. हे बहुधा उष्णतेचे किंवा वीजपुरवठ्याचे लक्षण. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीच तापलेली असते, त्यात पंख्यात धूळ आणि सुकलेली पेस्ट. पंखा साफ करा, पेस्ट बदला, मूळ वॉटचा चार्जर लावा, 'एनव्हिडिया-एसएमआय' मध्ये भाराखाली तापमान पाहा. इथे तुमचा हात आमच्यापेक्षा चांगला चालतो.

विक्री करणाऱ्यांना थोडे वेगळे सांगायचे आहे. ग्राहक लिनक्स वापरणार का, हे विकतानाच विचारा. ज्याला कूडा (एनव्हिडियाच्या कार्डावर गणिते चालवणारे सॉफ्टवेअर) लागत नाही, गेमिंग नाही, त्याला फक्त इंटेल किंवा एएमडीच्या आतल्या चिपचा लॅपटॉप द्या; वर लिहिलेल्या अर्ध्याहून अधिक गोष्टी त्याच्या वाट्याला येणारच नाहीत. ज्याला मशीन लर्निंगसाठी एनव्हिडिया हवेच, त्याला सेकंडहँड पास्कल स्वस्तात गळ्यात मारू नका. एचडीएमआय कुठल्या चिपला जोडले आहे हे दुकानातच लाइव्ह पेनड्राइव्ह लावून पाच मिनिटांत दिसते. ब्राइटनेस, झाकण मिटून उघडणे आणि बाहेरचा मॉनिटर, तिन्ही तपासून घ्या. मात्र लाइव्ह सिस्टिमवर एनव्हिडियाचे कार्ड बहुधा नुव्होवर चालते, तेव्हा तिथली अडचण म्हणजे अखेरची अडचण असे धरू नका.

शेवटची मागणी बिलाबद्दल. त्यावर 'सॉफ्टवेअर सर्व्हिस' एवढेच न लिहिता चिपचे नाव, कर्नलचा आकडा, ड्रायव्हरचा आकडा आणि तो ओपन की बंद प्रकारचा, सिक्युअर बूट चालू की बंद, आणि ग्रबच्या ओळीत काही घातले असल्यास ते जसेच्या तसे, इतके लिहून द्या. ड्रायव्हर भांडारातून आला की '.रन' फाइलीतून, हेही. पुढच्या वेळी तो लॅपटॉप हरभट रोडवरच्या दुकानात गेला काय किंवा मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात गेला काय, समोरच्या माणसाला मागच्याने काय केले हे खणत बसावे लागणार नाही.

आपले,
सांगली-मिरजेतील काही लिनक्स वापरकर्ते